ज्याचं काम, त्यानं गप्प बसायचं

लवळे फाट्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उभी होते, तेव्हा अनिकेतचा फोन आला. अनिकेत म्हणजे शैलाताईंचा मुलगा. "काकू, आई गेली पहाटे," एवढंच म्हणाला. समोर रिक्षा येऊन थांबली होती. "म्याडम, बसा की, एकच शीट हाय," असं रिक्षावाला दोनदा म्हणाला आणि मी त्याच्याकडे अशी काही बघत राहिले, की तो बिचारा मुकाट्यानं निघून गेला. मग ग्रुपवर कळवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या कॉलेजच्या प्राध्यापक संघटनेचा ग्रुप. या ग्रुपवर सूर्योदय, गुलाबाची फुलं आणि सुविचार टाकायला शैलाताईंची सक्त मनाई होती. "ज्याला सुप्रभात म्हणायचंय त्यानं स्टाफरूममध्ये येऊन तोंडानं म्हणावं," असं त्यांनी एकदा खडसावलं होतं आणि तेव्हापासून ग्रुप कसा चिडीचूप असायचा. त्या ग्रुपवर मी दोन ओळी लिहिल्या आणि लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. हात, हात आणि हात. मला असा राग आला म्हणून सांगू! अरे, माणूस गेलंय, आणि तुम्हाला दोन शब्द सुचत नाहीत? पण मला तरी कुठे सुचले होते? "हात जोडून झाले असतील तर निघा आता, रिह्याला जायचंय," असं म्हणणारं आमच्यात एकच माणूस होतं आणि तेच गेलं होतं. मग ती ओळ मीच लिहिली. दुपारपर्यंत सगळे रिह्यात, ताईंच्या गावी, पोचलेले होते.

शैला पडळघरे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. लवळ्याच्या अंगाला डोंगरावर आमचं विनाअनुदानित कॉलेज आहे, तिथे त्यांनी उभी हयात काढली आणि त्यातली बरीचशी वर्षं संघटनेचं काम केलं. त्यांच्या जाण्याची बातमी एका पेपरात आली, तिच्यात त्यांना 'ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ' म्हटलंय. ताई असत्या तर पोट धरून हसल्या असत्या. रिह्याच्या पडळघऱ्यांची सून, भातशेतीतली बाई, वर्गात शुद्ध पुस्तकी बोलायची आणि चिडली की थेट "आसं कसं हाय वो तुमचं?" वर यायची. प्राचार्यांनाही याचा अंदाज होता. 'आहे'चं 'हाय' झालं की ते फाइल बंद करून पाणी मागवायचे.

मी मूळची बार्शीची. तोंडानं फटकळ, असं माझी आई म्हणायची, नवरा म्हणतो आणि हल्ली विद्यार्थीही म्हणतात. भूगोल शिकवायला म्हणून या कॉलेजात आले, तेव्हा हातात अकरा महिन्यांची ऑर्डर पडली. मला वाटलं टायपिंगची चूक असेल. बारा लिहायचे तर अकरा लिहिलेत. ती घेऊन स्टाफरूममध्ये विचारायला गेले, तर तिथे हशा पिकला. कोपऱ्यात ॲप्रन घातलेली एक बाई डबा खात होती, त्याच शैलाताई. तिनं मला जवळ बसवलं आणि समजावलं. अकरा महिने नोकरी, मग मे महिन्यात ब्रेक. नोकरी सलग झाली तर माणूस हक्क मागतो, म्हणून मध्ये खंड पाडायचा. त्या महिन्यात पगार नाही, ओळखपत्र चालत नाही, ग्रंथालयातून पुस्तकसुद्धा मिळत नाही. "मे महिन्यात आपण कुणीच नसतो बघ," त्या म्हणाल्या, "पेपर मात्र तपासायचे असतात." आणि जून उजाडला, की पुन्हा मुलाखत! ज्या खुर्चीवर वर्षभर बसलो, तीच खुर्ची मागायला नवी साडी नेसून दारात उभं राहायचं. एका वर्षी मुलाखतीत ताईंना विचारलं, "आपला अनुभव किती?" ताई म्हणाल्या, "साहेब, मागच्या जूनमध्ये तुम्हीच विचारलं होतंत. त्यात एक वर्ष मिळवा." पदरात पडलं ते पवित्र झालं, या चालीवर आम्ही सगळे ती ऑर्डर घ्यायचो आणि वर "थँक यू सर" म्हणायचो. आज सांगताना लाज वाटत नाही, हसू येतं. तेव्हा मात्र एप्रिल लागला की मी दिवस मोजायला लागायचे.

संघटना तेव्हाही होती. नावाला. वर्षातून एक सभा, हारतुरे, एका वक्त्याचं क्रांतीवर भाषण आणि शेवटी वडा-चहा. वडे उरायचे, कारण माणसंच नसायची. येणार कोण? संघटनेत नाव लागलं की पुढच्या जूनची ऑर्डर निघत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज होता आणि तो काही अगदीच खोटा नव्हता. आधीचे अध्यक्ष कंटाळून सोडून गेले, आणि दुसरं कुणी तयार नाही म्हणून ताईंच्या गळ्यात ते पद पडलं. त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर सभा बंद केली. सभासद व्हा, असं त्या कुणालाही म्हणायच्या नाहीत. नवा माणूस रुजू झाला, की पावसाळ्यात त्याला गाठायच्या आणि विचारायच्या, "रविवारी काय करतोयस? आमच्याकडं आवणी हाय. येतोस का?"

आवणी म्हणजे भाताची लावणी. त्याला नाही कोण म्हणणार? त्यात कसली संघटना न् कसलं काय. असे आम्ही प्राध्यापक लोक रविवारी सकाळी रिह्यात उतरायचो. इंग्रजीचा एक नवा मुलगा तर पांढरी पँट घालून आला होता. तिचं पुढे काय झालं ते त्याच्या आईलाच ठाऊक. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावायची, कमरेचा काटा ढिला व्हायचा, आणि ताईंचे सासरे नाना येऊन बघायचे आणि कपाळावर हात मारायचे. "हे लावलंय का फेकलंय? आरं, बगळं हसायला लागली की!" तिथे पुणेरी प्राध्यापक, बार्शीची मी, नगरचा तो पांढऱ्या पँटवाला, सगळे सारखेच अडाणी. दुपारी ओळीनं पंगत बसायची, इंद्रायणीचा भात, वरून कालवण, आणि त्या पंगतीत माणसं जे बोलायची, ते स्टाफरूममध्ये वर्षभरात बोलली नसती. कुणाचा भाऊ आजारी, कुणाला मे महिन्यात सासऱ्यापुढे हात पसरावा लागतो, कुणी घरी सांगितलंच नाहीये की नोकरी अकरा महिन्यांची आहे.

याच पंगतीत एकदा नानांनी ती गोष्ट सांगितली, जिच्यावर पुढे आमची सगळी संघटना उभी राहिली. त्यांच्या वाडीत सावडीनं लावणी करायचे. म्हणजे आज सगळे मिळून माझ्या वावरात, उद्या सगळे तुझ्या वावरात. त्यात पडळघऱ्यांच्या घराचा एक नेम होता. ज्याचं वावर, त्यानं त्या दिवशी वावरात पाय ठेवायचा नाही. घरी चुलीपाशी थांबायचं आणि येणाऱ्यांच्या जेवणाचं बघायचं. मी म्हटलं, "नाना, हे उलटंच की! मालकानं तर आधी उतरायला पाहिजे." नाना म्हणाले, "न्हाई बाय. मालक बांधावर हुबा ऱ्हायला की त्याचं ध्यान सगळं कवा उरकतंय ह्यात. कुणाला पानी पिऊ द्यायचा न्हाई, कुणाला पाठ सरळ करू द्यायचा न्हाई. मालकाला पीक दिसतंय, मानसं दिसत न्हाईत." सगळे हसले आणि भात वाढून घेतला. ताई मात्र हसल्या नाहीत. ओढ्यावर पाय धुताना मला म्हणाल्या, "मनीषा, आपण प्राचार्यांकडं जातो तेव्हा हेच चुकतं गं. ज्याचं दुखतं तोच बोलायला उभा राहतो. आवाज कापतो, डोळे भरतात आणि ते लोक त्याला तुकडा टाकून गप्प करतात."

तेव्हापासून संघटनेचा नियम झाला. कुणाचंही काम असो, एकट्यानं जायचं नाही, आणि ज्याचं काम त्यानं बोलायचं नाही. त्यानं सोबत यायचं, केबिनमध्ये मागे खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचं आणि गप्प राहायचं. बोलणार दुसरे. सुरुवातीला केवढी कुरकुर! माझं काम तो कॉमर्सवाला बोलणार? वाटोळंच करील की! पण गंमत अशी झाली, की दुसऱ्याचं बोलायचं म्हणजे आधी दुसऱ्याचं समजून घ्यावं लागतं. मग त्याच्यासोबत डबा खावा लागतो, त्याच्या घरी जावं लागतं, त्याच्या पोटात शिरावं लागतं. फिजिक्सच्या दोन माणसांचं एका कपाटावरून भांडण होतं, वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ताईंनी मुद्दाम एकाचं काम दुसऱ्याला बोलायला दिलं. "अहो ताई, तोंड बघत नाही मी त्याचं!" "नका बघू. तो मागंच बसणार हाय, तुमची पाठ असेल त्याच्याकडं." त्या माणसानं असं काही भांडून दिलं म्हणता! बाहेर आल्यावर दोघं कँटीनमध्ये शेजारी शेजारी बसून मिसळ खात होते आणि आम्ही सगळे काही न बघितल्यासारखं करून खिडकीतून बघत होतो. पोस्टर लावून, वर्गणी मागून जी माणसं आली नाहीत, ती अशी आली.

माझं स्वतःचं काम निघालं ते माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी. जुलैत दिवस भरत होते. मे महिन्यात ब्रेक झाला आणि प्राचार्य म्हणाले, "आता कशाला जूनची ऑर्डर? तुम्ही विश्रांती घ्या. नंतर बघू." नंतर बघू म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. मी तावातावानं निघाले होते. ताईंनी मला धरून आणलं, तोंडात आवळासुपारी कोंबली आणि म्हणाल्या, "ही विरघळेपर्यंत तोंड उघडलंस तर याद राख." आणि बोलायला कुणाला दिलं, तर गणिताच्या शेवाळे सरांना! अत्यंत भिडस्त माणूस. जिन्यात बाई समोर आली तर भिंतीला चिकटून उभा राहणारा. माझा धीरच खचला. शेवाळे सर प्राचार्यांसमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "सर, आमच्या मनीषा मॅडमना बाळ होणार आहे. यात त्यांची चूक नेमकी कुठे झाली, ते आम्हाला समजावून सांगावं." आणि ते खरोखरच वही उघडून उत्तर लिहून घ्यायला बसले. प्राचार्यांनी पाणी मागवलं. मला ऑर्डर मिळाली आणि रजाही मिळाली. मी बोलले असते तर भांडण झालं असतं, ऑर्डर झाली नसती. माझी मुलगी आता माझ्या खांद्याला लागली आहे, आणि तिला शेवाळे सर आणि पडळघरे मॅडम ही नावं देवाधर्माच्या आधी शिकवली आहेत मी.

पण एकेकाचं काम सुटत होतं, मुळातला ब्रेक काही सुटत नव्हता. मग संघटनेनं तीच मागणी लावून धरली. ब्रेक बंद करा, मे महिन्याचा पगार द्या, एकदम काही वर्षांचा करार करा आणि ही दरसालची मुलाखत थांबवा. सगळ्यांचं एकदम. बोलणी वर्षभर रेंगाळली. नेमक्या त्याच वर्षी ताईंच्या घरी आभाळ फाटलं. त्यांचे यजमान दत्ताभाऊ गोठ्याचे पत्रे बदलताना वरून पडले आणि कमरेतून मोडले. दुधाचा धंदा त्यांचा, तो बसला, म्हशी विकल्या. अनिकेत इंजिनियरिंगला. नाना थकलेले. आणि त्यांची रस्त्याकडची भाताची खाचरं, जिथे आम्ही सगळे लावणीला उतरायचो, त्यांवर पुण्याच्या एका माणसाचा डोळा होता. फार्महाऊस बांधायचं होतं त्याला. एजंट दर रविवारी मिठाईचा पुडा घेऊन यायचा. ताई मला म्हणाल्या होत्या, "माझा पगार जर पक्का असता ना, तर बँकेनं कर्ज दिलं असतं गं. अकरा महिन्यांच्या बाईला कोण देतंय? वावर विकायची माझी इच्छा न्हाई, मनीषा. पण इलाज बी दिसत न्हाई."

हे सगळं डोक्यात ठेवून मी त्या दिवशी संस्थेच्या सचिवांच्या केबिनमध्ये गेले. ताई, शेवाळे सर आणि मी. सचिव फार गोड माणूस. आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "एक चांगली बातमी देतो. पडळघरे मॅडमना आम्ही कायम करतोय. आज ऑर्डर काढतो. त्यांची सेवा, त्यांच्या घरची परिस्थिती, सगळं आम्हाला कळतं. बाकीच्यांच्या मागण्या तूर्त मागे घ्या, पुढे बघू." बाकीच्यांच्या मागण्या मागे घ्या! म्हणजे ताई एकट्या आत आणि आम्ही सगळे पुन्हा जूनच्या दारात. मी काही म्हणायच्या आत ताई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलली, मागे खिडकीपाशी नेली आणि पाठ ताठ करून बसल्या. आता काम त्यांचं झालं होतं. सचिव गडबडले. "अहो मॅडम, तुम्ही बोला ना!" ताई म्हणाल्या, "माझं काम हाय, सर. मी न्हाई बोलणार."

शेवाळे सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून ताईंकडे बघितलं. एक खूण करा हो, डोळ्यांनी तरी सांगा, हो म्हणू की नाही म्हणू… पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला खाचरं दिसत होती, दत्ताभाऊ खाटेवर दिसत होते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं आपल्या बायाबापड्या उगाच सांगत नाहीत. आणि हातचं कुणाचं? माझं नव्हतं. दुसऱ्याच्या ताटातला घास मी नको म्हणणार होते का? पण ताई एकट्या कायम झाल्या, की पुढच्या जूनमध्ये हे लोक त्यांनाच आमच्या मुलाखती घ्यायला बसवणार, हेही मला लख्ख दिसत होतं. मी म्हणाले, "सर, ताई कायम झाल्या तर आम्ही कॉलेजभर पेढे वाटू. पण आमच्या मागण्या सोडून मिळालेला पेढा त्यांच्याही घशाखाली उतरायचा नाही. सगळ्यांचं एकदम करा. नाहीतर ताईंचंही राहू द्या." सचिवांचा गोडवा गेला. "विचार करून बोला, मॅडम. नुकसान तुमचं नाही, त्यांचं होणार आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." बाहेर आल्यावर "चला, प्रॅक्टिकलची बॅच थांबलीय," एवढं बोलून त्या लॅबकडे गेल्या.

जूनमध्ये मुलाखती लागल्या आणि ताईंचं नाव पुकारलंच नाही. वगळलं त्यांना सरळ. मग आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलो, सगळेच्या सगळे. शिपाईमामा दारातून नाव पुकारायचे आणि ज्याचं नाव तो बसल्या जागेवरून म्हणायचा, "आधी पडळघरे मॅडम." मामा आत जाऊन सांगायचे, बाहेर येऊन पुढचं नाव घ्यायचे. पुन्हा तेच. पांढऱ्या पँटवाल्याचं लग्न ठरलं होतं, नोकरी गेली तर लग्न मोडलं असतं. तोही म्हणाला, "आधी पडळघरे मॅडम." प्रवेशाचे दिवस, पालक येऊन बघताहेत, विचारताहेत की इथे नक्की काय चाललंय. ताई स्वतः तिथे नव्हत्या. काम त्यांचं होतं ना! त्या रिह्यात चुलीपाशी होत्या. रोज दुपारी अनिकेत मोटरसायकलवरून भाकरी, पिठलं आणि खर्डा घेऊन यायचा आणि आम्ही कॉरिडॉरमध्ये पंगत मांडायचो. काही दिवस असं चाललं आणि मग सचिवांनी आम्हाला आत बोलावलं. ब्रेक बंद झाला. मे महिन्याचा पगार सुरू झाला. करार काही वर्षांचा झाला, मुलाखत गेली. कायम मात्र कुणालाही केलं नाही. ताईंना मिळाला तो आमच्यासारखाच करार. निवृत्त होईपर्यंत त्या करारावरच राहिल्या.

करारावरच्या बाईलाही बँकेनं कर्ज दिलं नाही आणि त्याच दिवाळीत रस्त्याकडची खाचरं विकली गेली. तिथे आता उंच भिंत आहे, आत पोहायचा तलाव आहे म्हणतात. स्टाफरूममध्ये कुणीतरी बोललं, "मनीषाच्या तोंडानं ताईंचं वावर गेलं." बोलणारा वाईट माणूस नव्हता, त्याला ताईंची कणव होती. पण ते वाक्य माझ्या काळजात रुतलं ते रुतलंच. दर पावसाळ्यात आम्ही वरच्या उरलेल्या तुकड्यात लावणीला जायचो, त्या भिंतीच्या कडेनं जायचो, आणि मी मान खाली घालून चालायचे. ताईंशी मी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले. माझी मुलगी, माझी सासू, कॉलेजचं राजकारण, काय काय! हे एवढं एक विचारायची छाती झाली नाही. त्याही कधी बोलल्या नाहीत. निवृत्तीच्या समारंभात सचिवांनी त्यांना शाल दिली आणि 'आमच्या कुटुंबाचा कायमचा भाग' वगैरे म्हणाले. 'कायमचा' म्हटल्यावर ताईंनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मला हसताही येईना.

मग त्यांची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा पिरंगुटला डायलिसिस, अंग वाळत चाललेलं, जीभ मात्र शाबूत. जाण्याच्या काही आठवडे आधी मी रिह्याला गेले होते. रविवार होता. ताई पडवीत खाटेवर बसल्या होत्या, दत्ताभाऊ काठी टेकत आत चहा करत होते. समोर ती भिंत. पलीकडे पुण्याहून आलेल्या मंडळींची गाणी चालली होती. ताईंनी नव्या मुलांची चौकशी केली, करार वाढवून मिळतात की नाही, मे महिन्याचा पगार वेळेवर झाला का, शेवाळे सरांच्या गुडघ्याचं काय. मी सगळ्याला उत्तरं दिली. आणि मग कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, त्या दिवशी खिडकीत बसला होतात, तेव्हा तुमच्या मनात काय होतं? हो की नाही?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "इतकी वर्षं लागली व्हय गं विचारायला? एरवी तर तुझ्या तोंडाला कुलूप नसतं."

"सांगा ना."

"हो होतं," त्या म्हणाल्या. "खिडकीतनं बघत बसले होते आणि मनात म्हणत होते, देवा, ह्या पोरीच्या तोंडून हो येऊ दे. माझं वावर राहू दे."

मी "ताई, मग मी…" असं काहीतरी म्हणायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. हात गार होता, पण पकड तीच, आवळासुपारी कोंबणारी.

"ऐकून घे. मला बोलायची मुभा असती ना, तर मी हो म्हणाले असते. तिथल्या तिथं सही केली असती. आणि मग तुमच्यापैकी कुणाच्या बी डोळ्यांत मला जन्मात बघता आलं नसतं. स्वतःच्या पोटाला न्हाई म्हणायचं माणसाला जमत न्हाई, मनीषा. मला बी जमलं नसतं. ते दुसऱ्यानं म्हणावं लागतं. तू म्हणालीस. लई उपकार झाले बघ तुझे." आणि लगेच आत तोंड करून ओरडल्या, "अहो, च्या आणताय का लावणी करताय तितं?"

उपकार माझे! अकरा महिन्यांच्या बाईला बारा महिन्यांचं माणूस करणारी ही बाई मला म्हणत होती, की उपकार तुझे. परतताना घाटाच्या वळणावर मी गाडी थांबवली आणि ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मरणाच्या दारात बसून दुसऱ्याच्या काळजातला काटा काढून देणारी माणसं मी तरी आणखी पाहिलेली नाहीत.

ताईंचं दिवसकार्य झाल्यावर परवा पहिल्यांदाच सचिवांच्या केबिनमध्ये गेलो होतो. रसायनशास्त्राची एक नवी मुलगी आहे, तिचं काम होतं. तिनं खुर्ची खिडकीपाशी नेली आणि बसली. सचिव बदललेत, पण गोडवा तोच आहे. त्यांनी तिच्यासाठी काहीतरी पुढे केलं, तिच्या एकटीसाठी, बाकीच्यांना वगळून. ती माझ्या पाठीकडे टक लावून बघत असणार, हे मला न बघताही कळत होतं. पूर्वी मी अशा वेळी मागे वळायचे, खूण शोधायचे. परवा वळले नाही. तिच्या मनात 'हो' होतं, हे मला ठाऊक होतं. मी 'नाही' म्हणाले.